आवाज करणारा डिफ्यूझर

इलियासभाईंनी सुगंध फवारणारं मशीन माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं आणि सुरू केलं. थोड्या वेळानं हनुवटीला गार, ओलसर हवा लागली आणि पाठोपाठ लॅव्हेंडरचा वास आला.

"हा आमच्याकडचा सगळ्यात चांगला डिफ्यूझर," ते म्हणाले. शब्द माझ्यासाठी होते, पण आवाज माझ्या डावीकडे, ह्यांच्याकडे जात होता. "सात रंगांचा दिवा आहे. पाणी संपलं की आपोआप बंद होतो. आणि आवाज म्हणाल तर कान लावून बघा."

मी वाकून कान लावला. खरंच काही ऐकू आलं नाही.

"मग हा नको," मी म्हणाले.

हे माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाले, "अगं, तो मुद्दाम बिनआवाजाचा दाखवतोय."

"कळलं मला. म्हणूनच नको."

या गोष्टीला आठ वर्षं होतील आता. माझी नजर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काचबिंदू. तो एकदम येत नाही, हळूहळू सगळं आवळत आणतो. मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शिवणाचे क्लास घ्यायचे. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग टाका, मग समोर बसलेल्या मुलींपैकी कडेच्या दोघी. शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं, आणि एक दिवस तेही कळेना.

तरी क्वार्टरमध्ये माझं अडलं नाही. बावीस वर्षं राहिले होते तिथं. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, माझे पाय आपोआप जायचे. पण हे गार्ड म्हणून रिटायर झाले, क्वार्टर सोडावी लागली आणि आम्ही सांगली रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फ्लॅट चांगला होता असं सगळे म्हणायचे. माझ्यासाठी तो एक लांबलचक पॅसेज होता आणि त्यात एका बाजूला ओळीनं तीन दारं. तिन्ही एकाच मापाची, एकाच गुळगुळीत प्लायवूडची, एकाच जातीच्या कडीची. पहिलं झोपायच्या खोलीचं, दुसरं मोरी-संडासाचं, तिसरं मागच्या बाल्कनीचं. भिंतीवरून हात फिरवत दारं मोजायची, असं आम्ही ठरवलं होतं. पण मोजता मोजता कुणी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, की आकडा चुकायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी हे बँकेत पेन्शनच्या कामासाठी गेले होते. मी घाईत होते. दुसरं दार समजून तिसरं उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. वाऱ्यानं दार मागं आपटलं आणि त्याचा खटका आतून बसला. पायाखाली तापलेली फरशी, हाताला गज. ओरडले असते तर खालच्या मजल्यावरच्या क्षीरसागर वहिनी धावत आल्या असत्या. भांड्यांचा आवाज येत होता त्यांच्या घरातून. पण मला घाई कशाची होती, ते त्यांना आल्या आल्या दिसलं असतं. तोपर्यंत साडी ओली झाली होती. मी ओरडले नाही. अडीच तास उन्हात गजाला धरून उभी राहिले.

हे आले, त्यांनी दार उघडलं आणि मला मोरीत नेऊन बादली भरून दिली. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडायचे बंद झाले. सकाळचं फिरणं गेलं, मित्रांकडं पत्ते खेळायला जाणं गेलं. दूधसुद्धा वरती आणून द्यायला सांगितलं. मी दोनदा म्हणाले की असं किती दिवस चालणार.

आमची मुलगी गिरिजा पुण्यात असते. तिला सहावा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला गादीवरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. ती येऊ शकत नव्हती म्हणून रोज फोनवर रडायची. तिनंच एक डिफ्यूझर पाठवला, आईच्या मनाला जरा बरं वाटावं म्हणून. ह्यांनी तो माझ्या उशाशी लावला. माझ्या मनाचं काय व्हायचं ते होवो, पण पहिल्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मी पॅसेजमधून येत होते, दारं मोजायची विसरले होते, आणि तरी पहिल्या दाराशी थांबले. नाकानं सांगितलं होतं.

मात्र अर्ध्या तासात तो वास सगळ्या घरात पसरला आणि मग सगळी दारं पुन्हा सारखी झाली.

मी आठ-दहा दिवस यावर विचार केला. मग ह्यांना म्हटलं, मला मिरजेला अत्तारांच्या दुकानात न्या. त्यांना वाटलं, बाईला काहीतरी छंद लागला, बरंच झालं. ते खूश होऊन तयार झाले. इलियास अत्तारांचं दुकान क्वार्टर्सच्या जवळ होतं. पूर्वी नुसतं अत्तर, उदबत्त्या आणि तेलं मिळायची, आता त्यांनी ही मशीनंही ठेवली होती. मी त्यांच्याकडून ब्लाउजपीस भिजवायला... नाही, चुकले, ते शेजारच्या रंगाऱ्याकडून. इलियासभाईंकडून मी फक्त दसऱ्याला उदबत्त्या घ्यायचे. तर ते मला ओळखत होते, पण माझी नजर गेल्याचं त्यांना त्या दिवशीच कळलं, आणि म्हणून ते ह्यांच्याशी बोलत होते.

"इलियासभाई," मी म्हणाले, "मला तीन वास हवेत. एकमेकांत मिसळणार नाहीत असे. आणि मशीन असं हवं की ते कुठं आहे ते मला कानानंही कळेल. दिवा नसला तरी चालेल."

मग पहिल्यांदा त्यांचा आवाज सरळ माझ्याकडं आला. "वहिनी, कशासाठी पाहिजे ते सांगता का? म्हणजे मला देता येईल."

मी त्यांना पॅसेज सांगितला, तीन दारं सांगितली. बाल्कनीचा प्रसंग सांगितला नाही. ह्यांनी बाजूला घसा खाकरला. त्यांना हे परक्यासमोर बोलणं आवडलं नव्हतं.

इलियासभाई कामाला लागले. एक मशीन आणलं, त्याला बटणंच नव्हती, काचेवर बोट टेकलं की चालू व्हायचं. माझं बोट कुठं टेकतंय ते मला कळत नव्हतं. ते परत ठेवायला लावलं. दुसऱ्याचं बटण चांगलं होतं, पण पाण्याची खूण आत रेषेनं काढलेली होती, ती बोटाला लागत नव्हती. तिसरं पाण्याशिवाय नुसत्या तेलावर चालायचं. त्याचा वास एवढा उग्र की दुकानातलं गिऱ्हाईक शिंकायला लागलं. हे म्हणाले, झालं आता, पहिलंच घेऊ. मी म्हटलं, बसा तुम्ही स्टुलावर.

शेवटी इलियासभाई आत गेले आणि बऱ्याच वेळानं खोक्यांचा आवाज करत बाहेर आले.

"हे विकायला खरं तर मला लाज वाटते," ते म्हणाले. "जुनं मॉडेल आहे. लोकांनी तक्रार केली म्हणून परत घेतली. दोन पडून आहेत."

त्यांनी पाणी आणि निलगिरीचे थेंब घालून ते सुरू केलं. बटण फिरवायचं होतं, रेडिओला असायचं तसं, आणि फिरवलं की खट्ट वाजायचं. मग आतून गुळगुळ, गुळगुळ असा आवाज सुरू झाला. दोन-तीन सेकंद थांबायचा, पुन्हा यायचा. मला हसू आलं.

"वास किती लांब जातो याचा?"

"फार नाही. तीही तक्रार होती."

"हे दुकानात कुठंही ठेवा," मी म्हणाले. "मला सांगू नका. आणि तुम्हीही सांगायचं नाही," हे ह्यांना.

"इथं? अगं, लोक आहेत."

"असू देत."

मी काउंटरला पाठ करून उभी राहिले. त्यांची पावलं गेली, आली. मी वळले. आधी काहीच नाही, नुसता चंदन, हीना, धूप असा दुकानाचा सगळा मिळून एक वास. मग उजवीकडून, लांबून, गुळगुळ. मी चालायला लागले. गुडघा एका लाकडी पेटीवर आपटला. हे उठल्याचा आवाज आला, आणि मी हात वर करून त्यांना थांबवलं. चार पावलांवर निलगिरी आली. आणखी दोन पावलांवर हात पुढं केला तर मशीनच्या ओल्या तोंडावरच पडला.

दुकानात कुणीतरी बाईमाणूस "वा" म्हणालं. मला त्यात काही कौतुक वाटलं नाही. गुडघा दुखत होता आणि माझं काम अर्धंच झालं होतं.

"ही दोन्ही द्या," मी म्हणाले. "एकात निलगिरी, ते मोरीच्या दाराशी. एकात वाळा, ते झोपायच्या खोलीत. गिरिजाचं बिनआवाजाचं आहे त्यात गवती चहा घालून बाहेरच्या दाराशी ठेवू, तिथं रस्त्याचा आवाज असतोच. बाल्कनीच्या दाराशी काहीच नको. जिथं वास नाही आणि आवाज नाही, तिथं मी हात लावणार नाही."

"आणि स्वयंपाकघर?" इलियासभाईंनी विचारलं. "तिथं लिंबाचं चांगलं चालतं."

"तिथं नको. तिथं मला गॅसचा वास यायला हवा."

खोक्यात मशीन ठेवल्याचा आवाज आला.

हे मात्र आता खरंच वैतागले होते. तीस वर्षांच्या संसारात ते माझ्यावर लोकांसमोर चिडल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी आवाज चढला. "एवढा अट्टाहास कशासाठी चाललाय, महानंदा? मी आहे ना घरात चोवीस तास. तुला कुठं जायचं असेल तर मी हात धरून नेतो. नेत नाही का?"

मी हे घरी बोलणार होते. रात्री, जेवण झाल्यावर, नीट शब्द जुळवून. पण त्यांनी तिथंच विचारलं.

"तुम्ही घरात नसणार आहात," मी म्हणाले. "तुम्हाला ऑपरेशनची जूनमधली तारीख दिली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. आता ऑगस्ट लागला."

स्टूल करकरलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बाल्कनीत उभं राहून फोनवर तुमच्या भावाला, मल्लूभावजींना सांगत होता. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, डॉक्टर थांबू नका म्हणतात, पण हिला एकटीला ठेवता येत नाही. दिवाळीनंतर बघू, म्हणालात." मी त्यांच्याकडं तोंड वळवलं. "माझे डोळे गेलेत. कान नाही गेले."

इलियासभाई "चहा सांगतो" असं म्हणून दुकानाबाहेर गेले. तिथल्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी काहीतरी सांगून बाहेर नेलं असावं, कारण मागं कुणाची चाहूल राहिली नाही.

हे म्हणाले, "आठ दिवसांसाठी कुणीतरी येऊन राहील तुझ्याजवळ, ते मी बघितलं असतं. पण नंतर तीन महिने मला काही उचलायचं नाही, वाकायचं नाही. कोण बघणार? गिरिजाची ती अवस्था. दोघंही लोळागोळा होऊन पडलो तर?"

"तेच म्हणतेय मी. तुम्ही परत याल तेव्हा तुम्हाला बघायला मी लागणार. आणि ते मला शिकायला महिनाभर तरी पाहिजे."

चहा आला तेव्हा त्यांनी माझ्या हातात कप दिला नाही, समोर काउंटरवर ठेवला आणि कशावर तरी हळूच टकटक केली, कप कुठं आहे ते कळावं म्हणून. मी हात पुढं केला. कप होता.

घरी आल्यावर सगळं सोपं झालं असं नाही. पहिल्याच दिवशी छताचा पंखा लावला आणि वाळा आणि निलगिरी एकत्र होऊन दवाखान्यासारखा वास झाला. पंखा बंद केला तर उकाड्यानं जीव गेला. मग कळलं की थेंब कमी टाकायचे. आठ नाही, तीन. पाणी मोजायला मी तांब्याऐवजी औषधाचं छोटं प्लास्टिकचं भांडं घेतलं. तशी पाच भांडी म्हणजे बरोबर. एकदा वाळ्याच्या मशीनमध्ये निलगिरी पडली आणि मी दिवसभर झोपायच्या खोलीला मोरी समजून दारातून परतत राहिले. बाटल्यांच्या गळ्यात मग मी वेगवेगळ्या गाठींचे दोरे बांधले. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. शिवणकाम अगदीच वाया गेलं नाही.

ह्यांची शिकवणी वेगळीच होती. त्यांना गप्प बसायला शिकायचं होतं. मी पॅसेजमधून निघाले की ते सोफ्यावरून "डावीकडं, डावीकडं" करायचे. मी त्यांना सांगितलं, तुम्ही बोललात की मला मशीन ऐकू येत नाही. मग ते तोंडावर हात ठेवायचे. ते मला कळायचं, कारण त्यांचा श्वास दबून यायचा.

दोन आठवड्यांनी मी म्हटलं, आज तासभर बाहेर जा. ते चपला घालून निघाले, दार लागलं, कडी वाजली. मी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळानं लक्षात आलं की हॉलमध्ये कुणीतरी आहे. दार आतून लावलं होतं त्यांनी. भिंतीला टेकून उभे होते आणि चार जिने चढून आल्यासारखे धापा टाकत होते. जागच्या जागी उभं राहूनही आता त्यांना धाप लागत होती.

"माझी काळजी करताय आणि स्वतःला उभं राहवत नाही," मी म्हणाले. "खाली जाऊन बाकावर बसा. मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही."

या वेळी दार खरंच बाहेरून लागलं. मी पोहे केले. फोडणी जरा करपली, ते मला वासानं कळलं, पण उशिरा. मोरीत गेले, आले. बाल्कनीच्या दाराला हात लागला नाही. तासानं खिडकीतून हाक मारली, तेव्हा ते खालच्या पायरीपाशीच होते, बाकावर गेलेच नव्हते. वर येऊन त्यांनी ते करपलेले पोहे दोनदा वाढून घेतले.

सप्टेंबरच्या सतरा तारखेला त्यांचं ऑपरेशन झालं. मल्लूभावजी त्यांच्याजवळ राहिले. माझ्या जाऊबाई, सावित्री, रात्री आमच्याकडं झोपायला यायच्या आणि सकाळी सातला त्यांच्या शाळेत जायच्या. सात ते पाच मी एकटी. ऑपरेशनच्या दिवशी भावजींचा फोन यायला साडेतीन वाजले. तोपर्यंत मी पॅसेजमध्ये किती चकरा मारल्या ते मोजलं नाही. एवढं आठवतं की एकदाही चुकीच्या दाराशी गेले नाही, आणि त्याचा मला काहीच आनंद झाला नाही. आनंद साडेतीनला झाला. भावजी म्हणाले, वहिनी, दादा शुद्धीवर आले, आणि पहिल्यांदा हेच विचारलं की घरातलं पाणी कोण भरतंय मशीनमध्ये. मी म्हटलं, सांगा त्यांना, मीच.

दहाव्या दिवशी त्यांना घरी आणलं. दुपारची वेळ होती. भावजी खाली गाडी लावायला थांबले होते, आणि हे त्यांची वाट न बघता एक-एक पायरी करत वर आले असावेत. बेल वाजली नाही, नुसती कडी हलली. मी दार उघडलं. समोरून औषधाचा, आयोडिनचा आणि दहा दिवस न धुतलेल्या केसांचा वास आला. मी हात पुढं केला तर त्यांचा हात हवेतच सापडला. त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. एवढा भार त्यांनी कधी टाकला नव्हता.

"चक्कर येतेय," ते म्हणाले. "डोळ्यापुढं अंधारी आली."

"मिटा डोळे," मी म्हणाले. "माझ्याबरोबर चला."

मी त्यांना कमरेतून धरलं. टाके छातीवर होते, तिथं हात लागू द्यायचा नाही हे जाऊबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. गवती चहा मागं राहिला. पॅसेज लागला. त्यांचं पाऊल अडखळलं की मी थांबायचे, श्वास जाग्यावर आला की पुन्हा निघायचे. उंबरा आहे, पाय उचला, असं सांगितलं. आता डावीकडं, असं सांगितलं. वाळा जवळ आला, गुळगुळ ऐकू आली, गुडघ्याला खाटेची कड लागली. मी त्यांना वळवलं आणि हळूहळू बसवलं. पाठीशी दोन उशा लावल्या. मग पायांतल्या चपला काढून खाटेखाली सारल्या.

मला वाटलं त्यांना झोप लागली.

"महानंदा," ते म्हणाले, "मी डोळे उघडलेच नाहीत इथपर्यंत."

"बरं केलंत."

"पाणी देतेस का थोडं?"

मी उठले. दोन वर्षं मी कुठूनही उठले, की त्यांचा हात पुढं यायचा. त्या दुपारी तो आला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घेऊन आले, आणि त्यांनी हात लांब करून माझ्या हातातून पेला घेतला.